तालमीचा रेडिओ आणि आव्वाची वेळ

आमच्या गल्लीच्या तालमीनं वर्गणी काढून रेडिओ घेतला, तेव्हा आमच्या आव्वानंही वर्गणी दिली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढं भांडणात मी हेच घसा फोडून सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं.

आव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, सीमेकडचे, घरात कन्नड. वडील गेल्यावर मी तिला कोल्हापुरात आणलं. दुकानामुळं मला दोन्ही भाषा सारख्याच; तिला मात्र मराठीतलं 'या', 'बसा', 'जेवा' एवढंच यायचं. बायको माझी कोल्हापूरचीच, तिला कन्नडचा गंध नाही. मी रात्री दुकान बंद करून येईपर्यंत आव्वा गप्प. बायको विचारायची, "आईंचं काही दुखतंय का हो?" दुखत काही नव्हतं. बोलायला माणूस नव्हतं.

एका संध्याकाळी तालमीच्या रेडिओचा काटा फिरवताना मध्येच धारवाड केंद्र लागलं. कन्नड वचनं, म्हणजे आम्हा लिंगायतांची भक्तिपदं, चालली होती. आव्वा पिठाच्या हातानंच धावत गेली आणि तालमीच्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. घरी आल्यावर माझ्याशी इतकं बोलली, की मला जेवण सुचेना.

पण नेमकी तीच वेळ हिंदी गाण्यांची. तालमीचा सेक्रेटरी म्हणजे गाण्यांचं वेड लागलेला तरणा गडी. त्यानं बैठकच बोलावली. "लोकशाही हाय. हात वर करा!"

गाण्यांसाठी सगळ्या गल्लीचे हात वर. कन्नडसाठी माझा एकट्याचा.

"तिकडं बेळगावात मराठीची गळचेपी चाललीया," सेक्रेटरी गरजला, "आन् हितं आपन कन्नड लावायचं व्हय?"

टाळ्या पडल्या. माझं टाळकंच सटकलं. वर्गणीचं ओरडून झालं, मग नको नको ते बोललो. तेवढ्यात वस्ताद उठले. आमच्या पोरांना कुस्ती शिकवणारे, गल्लीतल्या एकुलत्या मुसलमान घराचे कर्ते. त्यांचाही हात गाण्यांसाठीच वर होता. तो त्यांनी खाली घेतला.

"बेळगावातला मराठी मानूस काय मागतोय रं? आपली भाषा. म्हातारी काय मागतीया? त्येच की."

"पन वस्ताद, बहुमत..."

"बहुमत? माझं घर गल्लीत एकच हाय. उद्या तालमीत पीर बसवायचा का न्हाय, ह्यावर बी हात वर करशीला?"

मोहरमला आमच्या तालमीत पीर बसतो आणि अख्खी गल्ली त्यासाठी खपते. लोक भडकलेच. सेक्रेटरी तर ओरडला, "पीर काय तुमच्या एकट्याचा हाय व्हय?"

"मग म्हातारी काय ह्येच्या एकट्याची हाय?" वस्तादांनी माझ्याकडं बोट केलं.

मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच. ठरलं ते असं, की गाणी कुठली लावायची ते खुशाल हात मोजून ठरवा. पण दिवेलागणीचा अर्धा तास आव्वाचा, आणि त्यावर पुन्हा हात वर करायचे नाहीत.

काय मजा आली म्हणून सांगू! आत वचनांच्या तालावर पैलवान जोर काढायचे आणि पायरीवर आव्वा डोळे मिटून डोलायची. एका पैलवानानं तिच्याकडून 'ऊटा आयतेनू?' म्हणजे 'जेवलात का?' एवढं उचललं आणि भल्या पहाटेसुद्धा तो तिला तेच विचारायचा. आव्वा खदखदून हसायची. ते हसू बघून मला रडूच यायचं.

पुढं एकदा ती लग्नासाठी गावाकडं गेली, ती महिनाभर राहिली. दिवेलागणीला मी तालमीवरून चाललो होतो, तर धारवाड सुरूच! पायरी मोकळी. आत सेक्रेटरी एकटाच, तोंड पाडून बसलेला. कन्नडचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं.

मला कीव आली. म्हटलं, "अरे, आव्वा गावाला गेलीया. लाव की तुझी गाणी."

तो माझ्यावरच उसळला. "ओ पावणं, ही येळ आव्वाची हाय. तुमी कोन सोडनार?"

मला म्हणाला हे, तिच्या पोटच्या पोराला! मी गपचूप पायरीवर टेकलो आणि शेवटपर्यंत ऐकलं.