बोरीची छाटणी

सत्तरच्या दशकात अड्याळला आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहत. उन्हाळ्यात बोरीची पाने झडली की करवत घेऊन ते आळीभर फिरत. ‘आत्ता झोपली हाय थे, आत्ताच कापाची,’ म्हणत झाडावर चढत आणि फांदी खाली सोडताना तोंडाने हॉर्न वाजवत.

एके वर्षी त्यांनी आमची बोर छाटली. आईने बाहेर येऊन पाहिले, तर खोड आणि चार बोडक्या फांद्या.

‘भाऊजी, मारून टाकली नं माही बोर!’ तिचे डोळे भरून आले.

‘पानी पडाच्या आधी फुटते, वैनी. घाबरू नोका,’ ते हसून म्हणाले.

आईने त्यांच्याशी बोलणेच सोडले. ते मात्र रोज सकाळी बोरीला बादलीभर पाणी घालत आणि फांद्या निरखत उभे राहत.

मग एका सकाळी त्यांनी आळी दणाणून सोडली. ‘वैनी, बाहेर या! फुटली!’

फांद्यांवर कोवळे कोंब आले होते आणि लुंगी सावरत ते चक्क नाचत होते. आईने हसत चहा ठेवला. मी कप नेऊन दिला, तेव्हा ते माझ्या कानाशी पुटपुटले, ‘भेव तर मलेही वाटून राहिलं होतं, बाप्पा.’

आईने ते दाराआडून ऐकले. बाहेर येऊन तिने त्यांच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.