थांब, झोपलीय

एसटी स्टँडच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. एक भटकं कुत्रं त्यांच्या पायांवर मान टाकून गाढ झोपलं होतं. त्यांची बस लागली, भरली आणि निघूनही गेली.

"बाबा, चढला नाहीत?" मी विचारलं. त्यांनी नुसतं खाली बोट दाखवलं.

मला माझे आजोबा आठवले. आजी गेल्यावर ते गावी एकटेच राहिले. एकटे तरी कसं म्हणू? मांडीवर मनी मांजर असायचीच. सुट्टीत आम्ही जेवायला हाक मारली, की म्हणायचे, "थांब गं, झोपलीय ती." पायाला मुंग्या आल्या तरी हलायचे नाहीत. आमच्याकडे राहायला चला म्हटलं, की मनीला तिथे करमणार नाही म्हणायचे. करमणार नाही ते नक्की कोणाला, हे आम्हाला कधी उमगलं नाही.

मनी मेली, तेव्हा ते आमच्याकडे आले. एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर मांडी घालून बसले होते.

"थांब," ते हळूच म्हणाले, "झोपलीय."

मांडी रिकामी होती. थट्टा होती, विसर होता, की आणखी काही? हसत तर नव्हते, पण चेहरा मोठा खुशीत होता. मी कप आवाज न करता खाली ठेवला.

माझी बस लागली. सगळे धावले. मी बॅग अगदी अलगद उचलली. या कुत्र्याची झोप मोडू नये म्हणून, की मनीची, कोण जाणे.