पॅकेट कुठी थांबलं?

राउटर सांभाळणाऱ्यांकडे किस्से आपोआप जमतात. लिंक नीट असताना आम्हाला कोणी ओळखत नाही. अडकली की अख्खा जिल्हा फोन करतो! आम्ही दोघंच. माहितीचं एकेक पॅकेट किती उशिरा पोचतं ते मी मोजायचं आणि ते कुठं अडकलं ते बल्लारपूरच्या रफीकभाईंनी शोधायचं.

*

एकदा उशीर चक्क उणे आला. म्हणजे आलापल्लीहून निघण्याआधीच पॅकेट चंद्रपुरात हजर! आलापल्लीच्या राउटरचं घड्याळ पुढं होतं. मी दुरुस्त करायला निघालो, तर साहेब म्हणाले, "राहू दे. रिपोर्ट चांगला दिसून राह्यला ना!"

*

आलापल्लीच्याच रेशन दुकानात एक म्हातारी तीन दिवस अंगठा लावून रिकाम्या हातानं परत गेली. अंगठा जुळल्याचं सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत मशीन बंद पडायचं. मी ग्राफ दाखवला, "चोवीस तासांची सरासरी तर छान आहे!"

रफीकभाई उखडले. "रातची रिकामी लाइनबी धरली तू त्याच्यात. बाई राती येते काय तांदूळ न्याले?"

*

पॅकेट वाटेतच गळतात अशी ओरड झाली. साहेबांनी राउटरमध्ये पॅकेट थांबवायची जागा वाढवून घेतली. गळती शून्य! बैठकीत टाळ्या पडल्या.

बाहेर येऊन रफीकभाई म्हणाले, "वेटिंग रूम मोठी केली. डॉक्टर तं एकच हाये."

*

मुलचेऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात धानाच्या बांधीत साप चावलेला माणूस आणला होता. अँब्युलन्स वाटेत होती. मी चंद्रपुरात, व्हिडिओवर त्याला बघणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी बसलेलो. आवाज तुटत होता, म्हणून तिथली नर्स साध्या फोनवर बोलत होती.

"सिस्टर, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा," मी म्हणालो.

फोनवर टाळी ऐकू आली. स्क्रीनवर ती नऊ सेकंदांनी दिसली.

मी रफीकभाईंना फोन लावला. ते केंद्राच्या मागच्या खोलीतच होते. "इथी शिबिराचे फोटो चढवून राह्यले. लाइन जाम हाये. थांब, बंद करतो."

तेवढ्यात नर्स ओरडली, "सर, याचा श्वास थांबला!"

डॉक्टर स्क्रीनकडे झुकले. "नाही सिस्टर, छाती हलतेय. मला दिसतेय ना!"

फोनमधून त्याच्या बायकोचा हंबरडा आला.

स्क्रीनवर ती अजून त्याला पदरानं वारा घालत होती.