शेरूची पेटी

मस्कतच्या घरात आज सुक्या बोंबलांचं पाकीट फोडलं आणि वास थेट डोक्यात शिरला.

नोकरीसाठी नवापूर सोडलं तेव्हा मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या कुत्र्याचे, शेरूचे, विमानाचे कागद मीच केले. पेटी मात्र बोंबलांच्या जुन्या खोक्यांची ठोकली. बोईसर स्टेशनवर भटकी कुत्री तिच्यावर तुटून पडली. फळ्या फुटल्या, आत कोंडलेल्या शेरूचा कान फाटला. सोडायला आलेल्या बानं काठीनं एका कुत्र्याचं डोकं फोडलं. मी पेटी उघडली, तर शेरू मलाच कडकडून चावला.

“बीएस्सी झालास, पेटीचा वास नाय आला?” माझं रक्त पुसत बा म्हणाला.

“तुला आला?”

बोंबलांतच वाढलेल्या आम्हा दोघांनाही तो वास कधी जाणवलाच नव्हता.

शेरू मस्कतला आला, अर्ध्या कानानं. मरेपर्यंत त्यानं माझ्या हातचा बोंबील खाल्ला नाही.