उतर, चढ आणि माझ्या चार स्पेस

ऑफिसात माझ्या मागे मला 'चार स्पेस' म्हणतात. मला ते माहीत नाही असं पोरांना वाटतं. वाटू दे. कोडमध्ये एक ओळ दुसरीच्या पोटात असेल तर ती चार स्पेस आत सरकलेली हवी, तीन नाही आणि पाच नाही, हे मी वीस वर्षं ओरडून सांगतोय. ज्याचा कोड वेडावाकडा त्याचं डोकं वेडंवाकडं, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतोय, कारण ते किर्ती शेलारने मोडलं. तेही आवाज न चढवता.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची बारा माणसांची कंपनी. केमिकलवाल्यांच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुठलं पिंप आलं, कुठलं गेलं, कशात किती उरलं, एवढंच. मालकीण माधवी मॅडम. गेल्या वर्षी त्यांनी किर्तीला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं आणि म्हणाल्या, "संतोष, तुझ्या हाताखाली देते." वय बत्तीस, शिक्षण चोख, आणि पाचव्या वर्षी गोवरात दृष्टी गेलेली. "जिला स्पेस दिसत नाही तिला मी काय शिकवू?" मी मॅडमना विचारलं. आज त्याची लाज वाटते, पण बोललो ते बोललो.

किर्ती कोड कानाने वाचते. कॉम्प्युटर तिला एकेक ओळ बोलून दाखवतो, इतक्या भरभर की आपल्याला नुसती किरकिर ऐकू यावी. त्या आवाजाला माझ्या शिस्तीचं काही कौतुक नव्हतं. माझी सुबक रचना तो 'सोळा स्पेस' अशी वाचायचा. पोटातल्या ओळी कंसात घेतात; शेवटी असे चार कंस लागोपाठ बंद झाले की कुठला कशाचा, हे किर्ती बोटांवर मोजायची. वेळ लागायचा. मी मुद्दाम घड्याळाकडे बघायचो, तिला ते दिसणार नाही हे विसरून.

दुसऱ्या महिन्यात तिने स्वतःपुरतं एक हत्यार बनवलं. कोड आपल्याला ओळींचा दिसतो, पण मशीन तो वाचतं तेव्हा त्याचं झाड करतं. कुठली फांदी कुठल्या फांदीवर, हे त्यात पक्कं असतं. स्पेस वगैरे सजावट गळून जाते. मग त्या झाडावरून कोड पुन्हा छापता येतो, आणि तो कसा दिसावा हे छापणारा ठरवतो. किर्तीच्या हत्याराला छापायच्या दोन तऱ्हा येत होत्या. एक माझी, कंस आणि चार स्पेसवाली. दुसरी तिची. तिच्यात कंस नव्हते. एखाद्या 'जर'च्या, म्हणजे अटीच्या, आत शिरलं की 'उतर', बाहेर पडलं की 'चढ'. सकाळी माझा कोड ती आपल्या तऱ्हेने छापून घ्यायची आणि संध्याकाळी माझ्या तऱ्हेने परत करायची.

"हे उतर-चढ कुठून आणलंस?" मी विचारलं.

"बाबांकडून, सर." शिरगावात शेलारांची भातखाचरं होती, पायऱ्यांसारखी नाल्याकडे गेलेली. बाळाजी शेलार लेकीचा हात धरून बांधावरून चालायचे आणि सांगत जायचे, "उतर. ह्ये मधलं खाचर. उतर. ह्ये नाल्याकडचं. आता चढ, मधल्यात आलीस." तिथे आता सात मजली इमारत उभी आहे आणि तिसऱ्या मजल्यावर किर्ती राहते. खाचरं तिला अजून पाठ आहेत.

एवढं ऐकून मी विरघळायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी तिने परत केलेली फाईल उघडली आणि माझं टाळकं सरकलं. कमेंट सगळ्या गायब! कमेंट म्हणजे माणसाने माणसासाठी लिहून ठेवलेली ओळ. हे का केलंय, इथे जपून, असं काहीबाही. मशीन ती वाचत नाही, म्हणून झाडातही येत नाही. आणि झाडात नाही ते छापलंही गेलं नाही. जुनी प्रत होती म्हणून निभावलं, पण मी सगळ्यांसमोर तिला झापलं.

"चूक माझी आहे सर," ती म्हणाली. "आठ दिवस द्या."

तीन महिने भरतच आले होते. मॅडमनी मला विचारलं, हिला कोडवर ठेवायचं की नाही? मी म्हटलं, "गिऱ्हाइकांच्या फोनवर बसवा. आवाज गोड आहे." हे तिच्या कानावर गेलंच. ती सरळ माझ्या टेबलाशी आली. "सर, मी फोन उचलायला नाही आले. मला कोड लिहायचाय. माझी परीक्षा घ्या."

मी घेतली. माझी एक लाडकी फाईल दिली, दोन हजार ओळींची, प्रत्येक स्पेस माझ्या हाताने मारलेली. ती तिच्या तऱ्हेने छापायची, मग माझ्या तऱ्हेने परत आणायची, आणि मूळ फाईलशी ओळ न् ओळ जुळली पाहिजे. जुळली नाही तर सोमवारपासून फोन.

शुक्रवारी आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो. कमेंट सगळ्या जागच्या जागी होत्या. प्रत्येक कमेंट तिने जवळच्या फांदीला बांधून टाकली होती. रिकाम्या ओळीसुद्धा शाबूत. दोन हजार ओळींत फक्त एक जुळली नाही.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. "ही बघ! ही ओळ मी 'जर'च्या आत लिहिलीये. तुझ्या हत्याराने बाहेर काढली."

किर्तीने हेडफोन काढून आवाज मोठा केला आणि तो भाग तिच्या तऱ्हेने सावकाश लावला. जर पिंप रिकामं. उतर. रिकाम्यांच्या यादीत टाक. चढ. पुन्हा वजन करायची खूण पुस.

"पुसायची ओळ चढल्यावर येते, सर. माझं हत्यार स्पेस बघत नाही, झाड बघतं. झाडात ती ओळ बाहेरच आहे."

मी वाकून पाहिलं. एकाहून जास्त ओळी 'जर'च्या पोटात घालायच्या तर त्यांना कंसात घ्यावं लागतं, नाहीतर पहिलीच आत राहते. मी कंस घातलेच नव्हते. चार स्पेस मात्र चोख मारल्या होत्या. पाच वर्षं त्या ओळीवरून माझी नजर समाधानाने फिरत होती.

मग मला धम्मदीप आठवला. आमच्याच रस्त्यावरच्या एका गोदामाचा सुपरवायझर. प्लांटमधून अर्धवट वापरलेलं पिंप परत आलं की त्याचं वजन पुन्हा करावं लागतं, आणि ते प्रोग्रॅमने खूण ठेवून सांगायचं असतं. फक्त रिकाम्या पिंपाची खूण पुसायची होती. ती सगळ्यांचीच पुसली जात होती. "साहेब, तुमचा प्रोग्रॅम वजन कर म्हणून बोलतच नाय," असं तो पाच वर्षं फोन करून सांगत होता. "तुमची पोरं चुकीचं बटण दाबतात," हे माझं ठरलेलं उत्तर. शेवटी बिचारा परत आलेल्या पिंपांवर खडूने फुली मारायला लागला.

खोलीत आम्ही दोघंच होतो. एक ओळ जुळली नाही, एवढंच मॅडमना सांगितलं असतं तरी ते खरंच होतं. किर्ती मांडीवर हात ठेवून बसली होती. "मग सर, सोमवारपासून फोनवर का?" तिने विचारलं. आवाज जरासा कापला. मी उठलो आणि म्हटलं, "चल माझ्याबरोबर." मॅडमच्या केबिनमध्ये दोघींसमोर सगळं सांगून टाकलं. मग तिथूनच धम्मदीपला फोन लावून माफी मागितली.

"जाऊ द्या ना साहेब," तो हसला. "बटण बरोबरच होता ना आमचा?"

मी कंस घातले आणि त्यांच्या वर एक कमेंट लिहिली. 'पाच वर्षं इथे कंस नव्हते. चूक माझी. किर्ती शेलारने ऐकून शोधली. संतोष.' सोमवारी दुपारी धम्मदीपचा फोन आला, प्रोग्रॅमने पहिल्यांदाच वजन विचारलं होतं. संध्याकाळी किर्ती आपलं काम परत करून माझ्या टेबलाशी आली.

"कमेंट ऐकली, सर. 'चूक माझी' असं कोडमध्ये कुणी लिहितं का?"

"बरं नाही वाटत? मग पुसून टाक."

"आता नाही पुसणार," किर्ती म्हणाली. "झाडाला बांधलीये मी ती."