हळदीकुंकवाचं झाड

फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसच्या मागे बायकोने लावलेलं एक झुडूप होतं. लाल-पिवळ्या फुलांमुळे आपल्याकडे त्याला हळदीकुंकू म्हणतात. ती वारल्यावर मी त्याला पाणी घालत राहिलो. त्यावर मोनार्क फुलपाखरं येत, नारिंगी, काळ्या रेघांची. अगदी डिसेंबरातही. ती दिसली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

मुलगी कॉलेजात कीटकांचा अभ्यास करत होती. एकदा म्हणाली, "बाबा, ही फुलपाखरं आत्तापर्यंत निघून जायला हवी होती."

"राहू दे की. खायला-प्यायला आहे इथे."

"दॅट्स द प्रॉब्लेम."

मग तिने समजावलं. फुलपाखराची जात एकच, पण उष्ण प्रदेशातली तिची उपजात जन्मभर एका जागी राहते. इथली उपजात थंडी पडली की किनाऱ्याकडच्या निलगिरीच्या झाडांत जाते. आमचं झुडूप उष्ण प्रदेशातलं, हिवाळ्यातही हिरवं. म्हणून ही इथेच थांबतात, अंडी घालत राहतात, आणि पानांवर त्यांचे पंख खराब करणारा रोग साचत जातो.

"थंडीत मुळापर्यंत छाटून टाक."

"आईने लावलंय," मी म्हणालो.

त्याच हिवाळ्यात तिला देशाच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेट कॉलेज गावातल्या विद्यापीठातून पीएच.डी.साठी बोलावणं आलं. ती नकार कळवणार होती. "मी गेले तर तू टोस्टवर जगशील. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येत नाहीत तुला." मी हसलो. ती माझ्या एकटेपणासाठी थांबतेय हे मला कळत होतं, तरी मी तिला जा म्हणालो नाही. उलट तिची खोली रंगवून घेतली, नवं टेबल आणलं. त्या दिवसांत मला शांत झोप लागायची. हे लिहिताना लाज वाटते.

फेब्रुवारीत एका सकाळी झुडपाखाली नुकतंच कोशातून निघालेलं फुलपाखरू दिसलं. पंख चुरगळलेले, उलगडतच नव्हते. बोट पुढे केलं तर त्यावर चढलं आणि बसून राहिलं.

त्याला अलगद कुंडीच्या कडेवर ठेवून मी गॅरेजमधून कात्री आणली. अर्धं झुडूप छाटून झालं तेव्हा मुलगी मागे उभी होती.

"आईचं होतं ना?"

"हो. तू कळव त्यांना, येते म्हणून."

"आणि तू?"

"शिकेन शिट्ट्या मोजायला."

ती हसली नाही. वाकून उरलेल्या फांद्या तिने धरल्या, मी कापल्या. पांढरा चीक बोटांवरून ओघळत होता. मी हात चेहऱ्याकडे नेला, तसं तिने मनगट पकडलं.

"डोळ्यांना लावू नकोस, बाबा. चीक आहे."

मी दोन्ही हात अंगापासून लांब धरून तसाच उभा राहिलो.