तीन राजे आणि रिकामा डबा

नव्वदच्या दशकात पनवेलच्या आमच्या इमारतीत गणपतीच्या दिवसांत दुपारी माझ्या घरी तीन पत्तीचा डाव बसे. माझे खेळायचे पैसे बिस्किटांच्या एका डब्यात वेगळे असत. वर्षभर त्यात सुटे टाकायचे, डबा संपला की डावातून उठून सगळ्यांचा चहा करायचा आणि घरखर्चाला हात लावायचा नाही, असे बायकोशी ठरले होते.

एका वर्षी दुसऱ्याच दिवशी डब्यात दहाची शेवटची नोट उरली. ती लावून पत्ते उचलले, तर तीन राजे होते. असे पत्ते मला पूर्वी कधी आले नव्हते. समोर उरणचे एक मासळीचे व्यापारी बसले होते. त्यांनी वीसची चाल केली.

माझ्या खिशात गॅस सिलिंडरचे पैसे होते. हात तिथवर गेला. बायको मखराजवळ दुर्वा निवडत होती. तिने वर पाहिले नाही.

"काय झाला? डबा संपला?" व्यापाऱ्यांनी विचारले.

"उधार खेळू द्या की," शेजारी म्हणाले.

"उधार नाय. नियम त्यांचाच हाय. चाय ठेवा."

मी पत्ते पालथे टाकले आणि स्वयंपाकघरात गेलो. चहा घेऊन आलो तेव्हा माझे राजे उघडे पडले होते.

"हे टाकलं तुमी? माज्याकडं नुसती दुर्रीची जोडी होती," व्यापारी म्हणाले.

बायकोने पहिला कप उचलला. "साखर जास्त झालीय," ती म्हणाली आणि सगळा चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला.